पलीकडच्या वावराचा फोटो

दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या दिवशी तिथलीच एक पोरगी माह्या पलंगापाशी आली अन् मोबाईल मांगू लागली. सुनेनं लगेच काढून देल्ला, मले इचारलंही नाही. पोरीनं त्यात काहीतरी टाकलं, चार ठिकानी बोट दाबलं अन् हसत म्हनली, "काका, आता हा मोबाईल तुमचं चालणं मोजणार. फक्त खिशात ठेवायचा. रोज किती पावलं चाललात ते मला इथे बसून दिसेल."

"काऊन?" मी म्हनलं.

"म्हणजे?"

"माही पावलं तुमाले कायले पाह्यजे?"

ती पुन्याकडची बोलनारी. तिले वाटलं काका गंमत करून राह्यले. तिनं समजावून सांगतलं का हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली म्हंजे काम झालं असं नाही, रोज चालाच लागते. पन मानसं घरी गेले का चालत नाहीत, खाटेवर पडून राह्यतात. म्हनून त्याईनं ही सोय काढली होती. मोबाईल आठवन देईन, संध्याकाळी ती सोता फोन करीन, दम लागला का, छाती भरून आली का, सगळं इचारीन. "आणि काका, हे सगळं फुकट आहे."

फुकट म्हनलं अन् इथंच माहं डोकं फिरलं.

मले फुकटाचं वावडं हाय, अन् ते उगाच नाही. बीटी कपाशी नवी नवी आली तवा बियान्याच्या कंपनीचे दोन मानसं माह्या घरी असेच हसत आले होते. थैली फुकट देल्ली. कपाशीची पऱ्हाटी चांगली झाली तवा मले तिच्यात उभं करून फोटो काढला अन् वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, पाटी ठोकली. पाटीवर माहं नाव, माहा फोन नंबर, अन् एकरी उताऱ्याचा असा आकडा का जो मी कधी तोंडातून काढला नव्हता. तिकडं वडनेर भोलजीपासून लोकाईचे फोन, "खरंच एवढं पिकलं का?" मी सांगून सांगून थकलो का बाप्पा, खोटं हाय ते. ऐकते कोन? छापलं ते खरं! मंग गुलाबी अळी आली, बोंड फोडलं का आत किडा, तवा तेच लोक फोन करून मले शिव्या देऊ लागले. तवापासून मी कान पकडला. कोनाले नंबर द्याचा नाही, फोटो द्याचा नाही, अन् फुकट देनाऱ्याले चहाही पाजाचा नाही. अन् आता हे चालनं मोजनारं लचांड माह्याच खिशात बसवलं.

तसं पाह्यलं तर मी जिवंत होतो हेच नवल. उन्हाळा लागता लागता मी वावरात पऱ्हाट्या उपटून राह्यलो होतो. छाती आवळून आली, आंगाले घाम सुटला, अन् मी धुऱ्यापाशी खालीच बसलो. माह्या धुऱ्याले लागून ज्याचं वावर हाय तो पलीकडून पळत आला. त्याले मी भाई म्हनतो, तो मले भाऊ म्हनते. आमचे बापही असेच एका धुऱ्यावर भाकरी सोडून बसत. नमाजी मानूस, बोलनं कमी. त्यानं मले फटफटीवर मांगं बसवलं, डोक्याचा दुपट्टा सोडला, अन् मी पडू नये म्हनून मले सोताच्या पाठीले बांधलं, बाया लेकराले बांधतात तसं. मोताळ्यापर्यंत फटफटी अन् तिथून जीप. डाक्टर म्हने, अर्धा घंटा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. म्हंजे मी आज हे लिहून राह्यलो ते त्या दुपट्ट्याच्या जोरावर. हे पहिलेच सांगून ठेवतो, कारन पुढचं ऐकून तुमी मले काय म्हनान ते मले माईत हाय. अन् म्हनूनच इथी कोनाचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही.

घरी आलो अन् मोबाईलची कटकट सुरू झाली. सकाळी टुंग वाजे अन् अक्षरं येत, "चला काका, तुमचं हृदय वाट पाहतंय!" हृदय कोनाची वाट पाह्यते बाप्पा? मी मोबाईल पालथा घालून ठेवो, बायको उचलून माह्या बंडीच्या खिशात टाके. मले वाटे हा ऐकून राह्यला. घरात बैलाची, पिकाची, पोराच्या नोकरीची गोठ निंघाली का मी मोबाईल गव्हाच्या कोठीत ठेवून येवो. सून तोंडाले पदर लावून हसे. हसू दे. तिनं पाटी पाह्यली नव्हती.

एक दिवस त्या पोरीची परीक्षा घ्यावी म्हनून मी संध्याकाळी तिले फोनवर सांगतलं, "आज धामनगावचा बजार फिरून आलो, लय चाललो."

"काका, आज तर इथे दोनशे पावलंसुद्धा नाहीत. बरं वाटत नाहीये का?"

मी बायकोले म्हनलं, "पाह्य, ह्याईले सगळं दिसते. आज पावलं पाह्यतात, उद्या वावर पाह्यतीन."

"डाक्टरले काय तुमचा सातबारा पाह्यजे हाय?" बायको म्हने. "चाला ना गुपचूप. तुमी खाटेवर पडून दिसले का मले त्या दिवसाची आठवन येते."

तिच्या डोळ्यात पानी होतं. म्हनून चाललो. मोबाईलसाठी नाही.

पन गावात चालनं काही सोपं नाही. आमच्याकडं मानूस कामाशिवाय चालत नाही. हातात दोर पाह्यजे, इळा पाह्यजे, नाहीतर दुधाचा डबा तरी. रिकाम्या हाताचा मानूस दिसला का लोक इचारतात, "कुठी चालले?" कुठी नाही, असाच, म्हनलं का त्याईचे डोळे बारीक होतात. असाच कोन चालते? त्यात तो काळ गुड मॉर्निंग पथकाचा. पहाटे डबडं घेऊन बाहीर बसनाऱ्याले पकडाले सरकारी मानसं शिट्ट्या वाजवत येत अन् फोटो काढत. मी मोबाईल घेऊन रस्त्यानं निंघालो का झुडपामांगचे लोक डबडं टाकून पळत. एका म्हाताऱ्यानं तर मले हात जोडले, "फोटो नको काढू रे बाबा, उद्यापासून संडासात जातो." मले हसू आलं. त्याले नव्हतं आलं.

म्हनून मी रस्ता सोडला अन् धुऱ्याधुऱ्यानं चालू लागलो. आता पोरीनं सांगतलं होतं का दहा-दहा मिनिटांनी थांबाचं, मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजाची अन् आकडा मोबाईलमधी टाकाचा. मी इमानदारीनं थांबो. जिथं दहा मिनिटं भरले तिथं, मंग वावर कोनाचंही असो. दुरून पाह्यनाऱ्याले काय दिसे? हा मानूस दुसऱ्याच्या वावरापाशी उभा राह्यते, मोबाईलमधी पाह्यते, काहीतरी लिहिते, अन् पुढच्या वावरापाशी जाऊन पुन्हा तेच करते.

अन् त्या साली लोकाईच्या वावरात लपवासारखं होतं. अर्ध्या गावानं चोर बीटी पेरली होती. म्हंजे अशी कपाशी का जिच्यावर तणनाशक मारलं तर गवत मरते अन् पऱ्हाटी जशीच्या तशी राह्यते. सरकारची तिले परवानगी नाही. बियानं कोऱ्या पाकिटात येई, कोनाकडून आलं ते कोनी सांगत नसे. मी नाही पेरली. ज्या पाकिटावर नाव नाही ते मी घरात येऊ देत नाही. भाईनं पेरली. गवत निंदाले बाया भेटत नव्हत्या, घरी तो अन् त्याची बायको दोघंच, तिचे गुडघे गेलेले. धुऱ्यावर बसून त्यानं सोता सांगतलं, "भाऊ, फक्त तुले सांगून राह्यलो."

"माह्याकडून गोठ कुठी जात नाही," मी म्हनलं. असं म्हनाले मले लय आवडे.

मंग त्या पोरीनं तिच्याकडच्या सगळ्या स्प्रिंगवाल्याईचा चालनं मोजनाऱ्या त्याच सोयीत एक ग्रुप केला. आमच्या जिल्ह्यातले, अकोल्याकडचे, जालन्याकडचे, चाळीस-पन्नास जन असतीन. चालताना जे छान दिसन त्याचा फोटो टाका म्हने, म्हंजे बाकीच्याईले हुरूप येईन. मी मनात म्हनलं, घ्या, आली पाटी पुन्हा! मी काही टाकत नव्हतो. पन पाह्यत होतो, रोज. जानेफळकडचा एक रिटायर मास्तर होता, तो रोज आपल्या आंगनातल्या झेंडूचा फोटो टाके. रोज तोच झेंडू! अन् त्याले सगळे टाळ्यांची चित्रं टाकून टाळ्या देत. पोरगी लिहे, "वा सर, किती सुंदर!" आंगनातला झेंडू पाह्याले मानूस किती चालते हो? पन ते कोनी इचारे नाही.

एक दिवस पोरगी मले फोनवर म्हनली, "काका, सगळ्यांचे फोटो येतात, तुमचाच येत नाही. तुमच्याकडे काही छान नाही का?"

खोटं कायले बोलू, माह्या पोटात दुखलं. आमच्याकडं काही छान नाही म्हने! त्या मास्तराच्या झेंडूपेक्षा आमचं शिवार काय वाईट हाय?

दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर उभं राह्यलो अन् मोबाईल माह्या वावराकडं धरला. गुडघाभर गवत. पऱ्हाटी शोधून काढा लागे. असा फोटो टाकला तर मास्तर दात काढीन. मी मोबाईल पलीकडं फिरवला. भाईचं वावर काय साजरं दिसून राह्यलं होतं! काळीभोर जमीन, सरळ ओळीची तासं, गवताची काडी नाही. मी फोटो काढला अन् खाली लिहिलं, "आमच्या शिवारातलं वावर. दोन फवारे मारले, गवत साफ, पऱ्हाटीले धक्का नाही."

टाळ्याच टाळ्या! मास्तरानंही देल्ल्या. कोनीतरी इचारलं, "कोणतं गाव, काका?" मी गाव सांगतलं. कोनी इचारलं, "रस्त्यावरून दिसतं का?" मी लिहिलं, नाल्याच्या पुलावरून डाव्या हाताले तिसरं वावर. कोन इचारून राह्यलं ते मी पाह्यलंही नाही. बैलाची गोठ निंघाली तरी मोबाईल लपवनारा मी, अन् मीच हे लिहिलं. दिवसभर छाती फुगवून फिरलो. त्या दिवशी पावलंही जास्त भरली.

आठ-दहा दिवसांनी तालुक्याकडून जीप आली. पुलावरून डाव्या हाताले वळली अन् तिसऱ्या वावरापाशी थांबली. पहिले दोन वावरंही चोर बीटीचेच होते, त्याईकडं कोनी मान वळवून पाह्यलं नाही. पानं तोडून पुडीत भरले, पंचनामा झाला, भाईची सही घेतली. अन् मंग एक दिवस उभी पऱ्हाटी उपटा लागली. फुलावर आलेली पऱ्हाटी. त्याची बायको त्या गुडघ्यानं वाकून वाकून उपटत होती. मी माह्या धुऱ्यावर उभा होतो. पलीकडं जाऊन हात लावाची माही हिंमत झाली नाही.

घरी येऊन मी पहिले ग्रुपमधला फोटो काढून टाकला. तर तिथी अक्षरं उमटले, का हा संदेश काढून टाकला हाय. ते अक्षरं काही केल्या जाईनात. त्या चाळीस-पन्नासातल्या कोनी सांगतलं, का गावातल्या कोनी, का पाकीट इकनाऱ्यानंच, ते मले आजही माईत नाही. मी प्रत्येकावर संशय घेऊन पाह्यला. मास्तरावर तर लयच घेतला. पन कोनावरही घेतला तरी पूल, डावा हात अन् तिसरं वावर हे मीच लिहिलं होतं.

गावानं तर केव्हाच ठरवून टाकलं. पहाटे मोबाईल घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरते कोन? मी पानटपरीवर गेलो का बोलनं बंद. कोनी उगाच खाकरे, कोनी म्हने, "चाला बे, पथक आलं." चक्कीवर बायकोच्या डब्याशेजारी कोनी डबा ठेवेना. ती घरी येऊन रडली. मले असा राग आला का मी चौकात जाऊन बोंबललो, "मी एकाही सायबाले एक शब्द सांगतला असन तर माही जीभ झडो!" सायबाले सांगतलाच नव्हता. बोलताना माही मलेच लाज वाटली, पन आवाज कमी केला नाही.

मी चालनं बंद केलं. पोरगी रोज फोन करे, "काका, काय झालं? इतके दिवस शून्य दिसतंय." मी म्हनो, पाऊस हाय. बाहीर ऊन पडलं असे. पंधरा-वीस दिवसात न्हानीपर्यंत गेलो तरी दम लागू लागला.

एका सकाळी भाई दारात उभा. मले वाटलं आता हा गचांडी धरीन. धरली असती तर बरं झालं असतं.

"चालनं काऊन बंद केलं, भाऊ?"

"लोक काय म्हनून राह्यले ते तुले माईत नाही काय?"

"लोकाईच्या गोठी घाल चुलीत," तो म्हने. "मी सगळ्याईले सांगतलं. जो मानूस कुलूप लावून तीनदा वढून पाह्यते, तो सायबाले माहं वावर दाखवीन? अरे, त्याच्या पोटातून टाचनी नाही निंघत." अन् तो हसला. पऱ्हाटी गेल्यापासून मी त्याले पहिल्यांदा हसताना पाह्यलं. "उठ. उद्यापासून मी येतो तुह्यासंगं. माह्यासंगं चालताना पाह्यलं का कोन काय बोलते ते पाहू."

बायकोनं त्याच्यासाठी चहा टाकला, आलं किसून, जास्त साखरेचा.

दुसऱ्या दिवसापासून तो येऊ लागला. गावाचं तोंड खरंच बंद झालं. ज्याचं नुकसान झालं तोच संगं चालून राह्यला म्हनल्यावर बोलन कोन? मी थांबलो का तो थांबे. मनगटावर बोटं ठेवून आकडे मोजाले मी चुको, तर तो म्हने, "आन इकडं, मी मोजतो," अन् माहा हात सोताच्या हातात घेई. पोरगी तिकडं खूश. "काका, आता तुम्ही ग्रुपमध्ये सगळ्यांच्या पुढे आहात!" मले तिच्या टाळ्या नकोशा झाल्या.

त्याच्या वावरावरून जा लागे. उघडंबोडकं वावर, पावसानं पुन्हा गवत धरलेलं. तिथी थांबलो का तो नाडी मोजे अन् म्हने, "माह्या वावरापाशी आलं का तुही नाडी पळते, भाऊ. काऊन?"

"चढ हाय ना उलीसा," मी म्हनो. चढ नव्हता.

सांगावं का नाही? रोज रात्री ठरवो का सांगतो, सकाळी त्याच्या हातात हात गेला का गिळून टाको. सांगतलं तर हा मानूस जाते. नाही सांगतलं तर तो रोज येते अन् माही नाडी मोजते. मले दुसरंच सोपं वाटे.

मंग एका सकाळी तो त्या वावरापाशी उभा राह्यला अन् आपल्याशीच बोलल्यासारखा म्हनला, "ज्यानं कोनी सांगतलं त्याले मी काही करनार नाही. भेटला तर एवढंच इचारीन, का बाप्पा, मी तुहं काय वाकडं केलं होतं?" माहा हात त्याच्या हातात होता. तो मोजून राह्यला होता, अन् मोजता मोजता थांबला अन् माह्या तोंडाकडं पाह्यलं.

"भाई, मीच," मी म्हनलं. सगळं सांगतलं. झेंडू, ग्रुप, टाळ्या, पूल, डावा हात. सांगता सांगता मी रडलो, अन् रडता रडता सोताले शिव्या देल्ल्या.

त्यानं माहा हात सोडला. मंग म्हने, "फोटो हाय?"

ग्रुपमधून काढला होता, पन मोबाईलमधी होता. मी काढून देल्ला. त्यानं उन्हाकडं पाठ केली, मोबाईल डोळ्यापाशी नेला अन् पाह्यत राह्यला. त्याच्यासमोर तेच वावर रिकामं पडलं होतं.

"लय साजरं दिसत होतं," तो म्हने, अन् मोबाईल वापस देल्ला. घरापर्यंत आम्ही संगं आलो. वळनावर तो एवढंच म्हनला, "तुह्या भाभीले सांगू नको. ती तुह्यासाठी दुवा मांगते."

मले वाटलं, संपलं. आता हा येत नाही. पन दुसऱ्या सकाळी तो दारात होता. माह्या बंडीच्या खिशाकडं पाह्यलं अन् म्हनला, "तो घरी ठेवून ये."

मी मोबाईल फळीवर ठेवला अन् आम्ही निंघालो. तो इहिरीच्या पान्याचं बोलला, आपल्या पोरीच्या सासरचं बोलला. मी थांबलो तिथी थांबला. मनगट काही मांगतलं नाही.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. "काका, पुन्हा शून्य? किती छान चाललं होतं तुमचं!" असं आठ दिवस झालं. मी रोज आधीपेक्षा जास्त चालत होतो. पन तिले सांगतलं का मोबाईल घरी राह्यते, तर ती काऊन म्हनून इचारनार, अन् त्याचं उत्तर म्हंजे पुन्हा भाईचं वावर. नवव्या दिवशी तिचा आवाज बदलला. "काका, खरं सांगा, तुम्हाला चालायचंच नाहीये ना? मग मी तुमचं नाव यादीतून काढते."

"काढून टाक, बाई," मी म्हनलं.

भाई अजून रोज येते. पाऊस असो, थंडी असो, दारात उभा राह्यते अन् मी बाहीर आलो का पहिले माह्या बंडीच्या खिशावरून हात फिरवून पाह्यते. खिसा रिकामा लागला का म्हनते, "चाल."